एल्डरविकची पोटनिवडणूक

सुनेत्राने त्या शनिवारी जेवताना एल्डरविकचं नाव काढलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं सरलाला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. तसं ते खरं नव्हतं. आपल्या चुकीला माणूस सोयीची सुरुवात शोधत असतो, आणि मुलीच्या अभ्यासावर खापर फोडणं स्वतःवर फोडण्यापेक्षा केव्हाही सोपं.

मुळात एकनाथ देवस्थळींची कंपनीने मिनेसोटात, ईडन प्रेरीला बदली केली आणि गणपती आटोपतात न आटोपतात तोच न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाला अध्यक्ष उरला नाही. मुदत संपायला बराच अवकाश होता, म्हणून मधल्या काळासाठी निवडणूक घ्यायची ठरली. सरलाच्या नवऱ्याने, गिरीशने, नाव दिलं. समोर प्रताप उभा राहिला. पस्तिशीचा, कॉम्प्युटरवाला, नम्र मुलगा. त्याच्याविषयी वाईट बोलायचं तर शोधून काढावं लागलं असतं.

गिरीशने नाव दिलं, आणि घरात कुणाला न विचारता दिलं. मार्चमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना हा माणूस फावड्यासकट खाली बसला होता. छाती उघडून, शिवून परत घरी आला त्याला सहा महिनेही झाले नव्हते. पूर्वी एकदा तो अध्यक्ष होता तेव्हाची वर्षं सरला विसरली नव्हती. खुर्च्या कुणी उचलायच्या इथपासून नाटकात कुणाच्या मुलीला घ्यायचं इथपर्यंत सगळ्यांची भांडणं ह्या घरच्या फोनवर यायची. गिरीश तांबडालाल होऊन बोलायचा, आणि फोन ठेवल्यावरही तासभर एकटाच बोलत राहायचा.

श्रीरंगने भावाला समजावून पाहिलं. श्रीरंग डॉक्टर, धाकटा, गिरीशनेच स्पॉन्सर करून अमेरिकेत आणलेला. सुरुवातीला तो ह्यांच्याच दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहिला, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून परीक्षेचा अभ्यास केला. सरलाने त्याला दिराऐवजी मोठ्या मुलासारखंच वाढवलं म्हणा ना. एका रविवारी तो ड्राइव्हवेत गाडीला टेकून उभा होता, आणि सरला त्याला पोचवायला बाहेर आली होती.

"नाही ऐकत वहिनी," तो म्हणाला. "मला म्हणतो, 'तू पेशंटांना भिववतोस तसं मला भिववू नकोस.' मी ह्याच्यापुढे जास्त बोललो तर उलट तेवढंच बीपी वाढेल."

"मग आता?"

"आता काय. हरला तर बरं. पण तो हरणार नाही, दादाला सगळे मानतात."

सरलाने हिरवळीवर पडलेली मेपलची पानं पायाने गोळा केली. मग तिने ते सहज बोलल्यासारखं बोलून टाकलं. "मंडळात मतं चिठ्ठीवरच देतात ना हो? पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात. तुम्ही आणि मी प्रतापचं नाव लिहू. कुणाला कळतंय?"

श्रीरंग हसला, आणि ती हसत नाही हे पाहून थांबला. "वहिनी, दादाच्या विरुद्ध?"

"विरुद्ध कशाला? त्यांच्यासाठीच."

"मालिनीला पटणार नाही," त्याने बायकोचं नाव पुढे केलं.

"तिला पटवा. आणि आणखी दोघाचौघांशी बोला, तुमच्या विश्वासातल्या. मला तसं बोलता येत नाही."

त्याने गाडीच्या किल्ल्या हातात खेळवल्या. हा माणूस भावाचा शब्द आजवर खाली पडू देत नव्हता, पण वहिनीचाही देत नव्हता. शेवटी म्हणाला, "ओके. चिठ्ठीवर लिहितो. पण वहिनी, हे दादाच्या कानावर जाता कामा नये." सरलाने मान हलवली. तिला त्या क्षणी फार शहाणं वाटलं होतं, आणि ते आठवलं की नंतर तिला स्वतःचीच चीड यायची.

*

पुढच्या शनिवारी सुनेत्रा फिलाडेल्फियाहून आली, म्हणून श्रीरंग-मालिनीही जेवायला आले. सुनेत्रा इतिहासात पीएचडी करत होती, आणि विषय तिने असा निवडला होता की मंडळातल्या बायका विचारायच्या तेव्हा सरलाला सांगताना धाप लागायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, इंग्लंडमधल्या एका गिरणगावची, पार्लमेंटची एक पोटनिवडणूक. एवढ्यावर पाच वर्षं. डॉक्टर-इंजिनियरांच्या घरात हे कुणाच्या पचनी पडलं नव्हतं, आणि गिरीशने तर मुलीला आजवर एकदाही त्याबद्दल नीट विचारलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने विचारलं. स्वतः निवडणुकीला उभा होता म्हणून असेल. भरल्या वांग्याचा घास तोंडात ठेवून म्हणाला, "काय गं, तुझ्या त्या गावात काय झालं होतं एवढं?"

सुनेत्राने आधी आईकडे पाहिलं, बाबा चेष्टा करतायत का म्हणून. मग जी सुरू झाली ती थांबेना.

"एल्डरविक. अठराशे एकोणसत्तर. तिथला मेंबर मेला, सो बाय-इलेक्शन. एका साइडला गिरणीचा मालक, दुसऱ्या साइडला एक वकील. निळ्या रिबिनी, पिवळ्या रिबिनी. पब्जमध्ये सगळ्यांना फुकट बिअर. अँड बाबा, सीक्रेट व्होटिंग नव्हतंच. बाजारात लाकडाचा मंच बांधायचे, सगळ्या गावासमोर. व्होटरने वर चढायचं, आपलं नाव सांगायचं, आणि कोणाला मत ते मोठ्याने बोलायचं. क्लार्क लिहून घेणार. खाली लोक टाळ्या वाजवणार, नाहीतर कुजलेला कोबी मारणार."

"सगळ्यांसमोर?" गिरीशचा हात ताटात थांबला.

"सगळ्यांसमोर. मालक खाली उभा, तुमच्याकडे बघतोय. घरमालक उभा. भाऊ उभा. पुरुष फक्त. बायकांना मत नव्हतं, त्या खिडक्यांतून बघायच्या."

"म्हणजे जे पोटात ते ओठात," गिरीश म्हणाला. "वा. काय छातीची माणसं असतील."

"नोबडी कुड लाय," सुनेत्रा म्हणाली. बाबांनी तिच्या विषयाला वा म्हटलं होतं, आणि सव्वीस वर्षांची ती मुलगी लहान मुलीसारखी फुलली होती. "तिथे दोन भाऊ होते, सॅम्युअल आणि थॉमस. दोघांची एकच बेकरी. सॅम्युअल वकिलाच्या बाजूचा, त्याने वकिलाचं नाव सुचवलं होतं. थॉमस वर गेला आणि त्याने गिरणीमालकाचं नाव घेतलं. जस्ट लाइक दॅट. सगळं गाव गप्प."

मालिनी वांगं चिवडत होती. श्रीरंगने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. सरलाने घाईने विचारलं, "भात वाढू का?"

"धाकट्याने तोंडावर सांगितलं ना पण," गिरीश म्हणाला. "पाठीमागून नाही केलं काही. मला तर तो आवडला."

"पण बाबा, आफ्टर दॅट..." सुनेत्रा म्हणत होती, तेवढ्यात फोन वाजला. हॉलच्या किल्ल्यांबद्दल कुणाचा तरी होता. गिरीश उठला, फोनवर पाऊण तास बोलला, आणि गोष्टीचा उरलेला अर्धा भाग भातावरच्या वरणासारखा तसाच गार होऊन गेला.

*

मंडळाची सभा शाळेच्या कॅफेटेरियात होती. छोट्या मुलांसाठीची ती टेबलं, त्यांना जोडलेली बुटकी बाकं, आणि त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले न्यू जर्सीचे इंजिनियर. सरला मालिनीशेजारी बसली. श्रीरंग समोरच्या टेबलावर. सेक्रेटरी पद्मजाताईंनी पेढ्यांचा डबा आणला होता, झाकणाला चीर पाडलेला, आणि चिठ्ठ्याही कापून आणल्या होत्या.

ताई चिठ्ठ्या वाटायला उठल्या तेव्हा गिरीश म्हणाला, "एक मिनिट, पद्मजाताई."

पुढे जाऊन तो उभा राहिला. ऑपरेशननंतर त्याचे सगळे कोट ढगळ झाले होते, तरी आवाज जुनाच होता. त्याने एल्डरविकची गोष्ट सांगितली. लाकडाचा मंच, निळ्या-पिवळ्या रिबिनी, कोबी, सगळं. "ही माझ्या मुलीची पीएचडी," असं तो दोनदा म्हणाला, आणि मागच्या बाकावर सुनेत्राने चेहरा हातांत लपवला. लोक हसत होते, रंगले होते.

"आता मला सांगा," गिरीश म्हणाला, "चार पावलांवर मालक उभा असताना ती गरीब माणसं नाव घेऊन मत द्यायची, आणि आपण? आपण चिठ्ठ्या कोणापासून लपवतो? सात समुद्र ओलांडून इथे आलो, एका घरातलीच माणसं आहोत. प्रताप निवडून आला तर पहिला हार मी घालीन. माझं म्हणणं एवढंच, आज हात वर करून मत देऊ या."

टाळ्या पडल्या. पडणारच. नको म्हणायला उभं कोण राहणार, आणि राहिला तर त्याच्या पोटात काहीतरी आहे हे सगळ्यांना कळणार. प्रताप बिचारा म्हणाला, "माझी काही हरकत नाही, काका." सुनेत्रा आईच्या कानाशी वाकली. "आई, बाबांनी अर्धीच गोष्ट सांगितली. स्टॉप हिम." पण सरलाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती श्रीरंगकडे पाहत होती आणि तो तिच्याकडे.

काय पाहत होते दोघं? तो विचारत होता, वहिनी, आता काय करायचं. एवढं सरळ तिला वाचता येत होतं. तिने मान हलवायला हवी होती. नुसती थोडीशी हलवली असती, जाऊ द्या भाऊजी, करा दादांसाठी हात वर, तर त्याला कळलं असतं. तिला काही सुचलंच नाही.

"गिरीशरावांच्या बाजूने कोण?" पद्मजाताईंनी विचारलं.

गिरीशने आधी बायकोकडे पाहिलं. सवयीने, घरून निघताना किल्ल्या घेतल्या का म्हणून पाहतो तसं, आणि किंचित हसला. सरलाचा हात वर गेला. तिने नेला असं तिला कधीच म्हणता आलं नाही. तेहेतीस वर्षांचा संसार होता, तो हात आपणहून वर जाणार होता. आजूबाजूला आणखी हात वर आले, बांगड्या खाली घसरल्याचा बारीक आवाज झाला. मालिनीने आपल्या हातांची घडी मांडीवर तशीच ठेवली.

श्रीरंगचे हात टेबलाखाली होते. तो सरलाच्या हाताकडे पाहत होता.

"प्रतापच्या बाजूने?"

श्रीरंगने हात वर केला. ज्यांच्याशी तो बोलून ठेवला होता त्या आणखी दोघातिघांनीही केला. मोठ्या भावाकडे त्याने पाहिलं नाही. गिरीश मात्र पद्मजाताईंची मोजणी संपेपर्यंत त्याच्याकडेच पाहत राहिला. दोन मतांनी प्रताप निवडून आला. गिरीशने त्याला हार घातला. कबूल केल्याप्रमाणे पहिला.

*

पार्किंग लॉटमध्ये मालिनीने सरलाला गाठलं. गिरीश अजून आत होता, लोकांशी मुद्दाम मोठमोठ्याने हसून बोलत.

"वहिनी," मालिनी म्हणाली, "मला ह्यांनी घरी सगळं सांगितलंय. मी नको म्हणत होते. हे म्हणाले, वहिनींनी सांगितलंय. आणि तुम्ही..."

"मालिनी, गाडीत बस," श्रीरंग म्हणाला.

"नाही बसत. ह्यांना एकट्याला..."

"मालिनी. प्लीज."

ती बसली, दार जोरात लावून घेतलं. श्रीरंग चष्मा काढून शर्टाला पुसत उभा राहिला. सरलाला म्हणायचं होतं, भाऊजी, माझं चुकलं. तोंडातून आलं, "तुम्ही हात खाली का नाही ठेवलात हो?"

"शब्द दिला होता ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं तुम्हीही... जाऊ दे. तुमचं बरोबर आहे, तुम्ही काय करणार होता, तो समोर उभा होता."

"मी सांगते त्यांना. आत्ता घरी जाऊन सांगते."

"नको. आत्ता अजिबात नको. एकाच दिवशी भाऊ आणि बायको, दोन्ही नको त्याला. ॲज हिज डॉक्टर सांगतोय. माझ्यावर चिडू दे. चिडून होईल शांत."

सरलाने हे ऐकलं. तिला ऐकायचंच होतं. डॉक्टरांनीच नको म्हटलं, ही पळवाट तिने दोन्ही हातांनी धरली, आणि त्या संध्याकाळी गिरीश गाडीत एक शब्द न बोलता बसला तेव्हा ती पण बसली. घरी आल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "श्रीला मी विमानतळावर घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्याच्या अंगात माझाच स्वेटर होता." मग कपडे बदलायला निघून गेला.

तो शांत झाला नाही. श्रीरंगचे फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. श्रीरंग एकदा दारापर्यंत आला, तेव्हा गिरीश मागच्या अंगणात पानं गोळा करायला गेला आणि तिथेच राहिला. मंडळात मात्र प्रतापला कुठे काय ते समजावून सांगायचा, खुर्च्यांची यादीसुद्धा करून दिली त्याला. परक्याने हरवलेलं त्याला सहज पचलं होतं.

*

दिवाळीच्या पहिल्या दिवशी श्रीरंगचं कुटुंब सकाळी ह्यांच्याकडे यायचं, ते अमेरिकेत आल्यापासून. सरला उटणं कालवून ठेवायची, थर्मोस्टॅट वाढवून ठेवायची, आणि श्रीरंग आल्या आल्या डबा उघडून कडबोळी मोडायचा. ह्या वर्षी कुणी येणार नव्हतं हे माहीत असून तिने कडबोळी दुप्पटच केली. हाताला तेच माप माहीत होतं.

सुनेत्रा आली होती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून कडबोळ्याचा तुकडा चघळत होती, आणि सरला चकलीच्या डब्याचं झाकण लावत होती. सरलाने विचारलं, "काय गं, त्या दोन भावांचं पुढे काय झालं? बेकरीवाल्यांचं."

सुनेत्राने वर पाहिलं. "तेच मी त्या दिवशी सांगत होते. बेकरीच्या मधून भिंत घातली त्यांनी. टू डोअर्स, टू सिग्नबोर्ड्स. मरेपर्यंत बोलले नाहीत. तीन वर्षांनी कायदा बदलला, सीक्रेट बॅलट आला. टू लेट फॉर देम."

"आणि त्याने तसं का केलं? धाकट्याने?"

"डोन्ट नो. दॅट्स द सॅड थिंग, आई. त्याने काय म्हटलं ते सगळ्या पेपरांत आहे. का म्हटलं ते कुठेच नाही. कोणी विचारलंच नाही त्याला. माझी प्रोफेसर म्हणते, गिरणीमालकाने धमकावलं असेल. मला नाही वाटत." तिने कडबोळ्याचा आणखी एक तुकडा मोडला. "मला वाटतं कोणीतरी रिक्वेस्ट केली असेल. घरातलंच. खिडकीतून बघणारं."

मुलीला काही माहीत नव्हतं. ती आपल्या अभ्यासाबद्दल बोलत होती, कडबोळं खात होती. पण सरलाने झाकण तसंच ठेवलं, हात पदराला पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली.

गिरीश खिडकीशी पेपर घेऊन बसला होता. पेपर उघडा होता, नजर ड्राइव्हवेवर होती. अभ्यंगस्नान झालेलं, कपाळावर कुंकू, आणि त्या ढगळ कुर्त्यात तो एकदम म्हातारा दिसत होता.

"अहो," सरला म्हणाली, "मला तुम्हाला काही सांगायचंय. मध्ये बोलू नका."

त्याने पेपर खाली ठेवला.

"भाऊजींनी आपल्या मनाने केलं नाही ते. मी सांगितलं होतं त्यांना. तुम्ही अध्यक्ष होऊ नये म्हणून, तुमच्या तब्येतीसाठी. मीच म्हटलं, चिठ्ठीवर प्रतापचं नाव लिहू, तुम्ही पण आणि मी पण. लोकांशीही मीच बोलायला लावलं. ते नको म्हणत होते. मग तुम्ही ऐन वेळी हात वर करायचं काढलंत, आणि मी... मला जमलं नाही. त्यांनी मात्र शब्द पाळला. हरवलं असेल तर मी हरवलं तुम्हाला. त्यांना फोन करा. आज दिवाळी आहे."

सगळं एका दमात बोलून झालं आणि ती उभी राहिली, काय येईल ते अंगावर घ्यायला. ओरडेल, पेपर फेकेल, उठून जाईल. छातीला हात लावेल ह्याची भीती तर मार्चपासून तिच्या जिवाला चिकटलेलीच होती.

गिरीश ओरडला नाही. तिच्याकडे पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू माया आली.

"किती करशील गं त्याच्यासाठी?" तो म्हणाला. "पहिल्यापासून तुझं असंच. परीक्षेत नापास झाला तेव्हासुद्धा मला म्हणालीस, माझ्यामुळे झाला, घरात पाहुणे होते."

"नाही हो, हे खरं आहे. देवाशपथ खरं आहे. मालिनीला विचारा."

"मालिनी नवऱ्याची बाजू घेणारच. सरला, मी तिथे समोर उभा होतो ना. तुझा हात मी ह्या डोळ्यांनी पाहिला. सगळ्यांच्या आधी वर गेला होता. त्या दिवशी त्या हॉलमध्ये माझं असं तेवढंच होतं." त्याने पेपरची घडी घातली. "तू ह्यात स्वतःला ओढू नकोस. त्याने केलं ते त्याने केलं. सगळ्यांनी पाहिलंय."

मग त्याने तिचा उजवा हात धरला, खाली ओढून तिला शेजारी बसवलं आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसून राहिला. बाहेर ड्राइव्हवे रिकामा होता. आतून सुनेत्रा विचारत होती की काकांसाठी ठेवलेला डबा उघडला तर चालेल का, आणि सरलाला हात सोडवून घेता येत नव्हता.